साखरेच्या डब्याला कुलूप

कारखान्याच्या कँटीनमध्ये तिला सगळे मोजमापबाई म्हणत. चहा अगोड लागला की कामगार म्हणायचे, "बाईंनी आज चहाला चमचा नुसता लांबून दाखवलेला दिसतोय." ती वरवर फणकारायची, पण या नावाचा तिला भारी तोरा होता. कोठीची किल्ली सदा कमरेला, आणि चिमूटभर मीठ इकडचं तिकडे झालं तरी बाईला कळायचं.

त्यामुळे साखर कमी व्हायला लागली तेव्हा चोर लगेच सापडला. चोर तिचीच मुलगी निघाली. शाळा सुटल्यावर पोरगी कँटीनमध्येच बसायची. पकडली तेव्हा ओठांना साखर चिकटलेली, हात थरथरताहेत, अंगाला दरदरून घाम. चोरी पकडली गेली की घाम फुटायचाच, असं आईनं ठरवून टाकलं. सगळ्यांदेखत दोन थपडा दिल्या, डब्याला कुलूप घातलं आणि नियम केला, स्वयंपाकघरातून निघताना दोन्ही मुठी उघडून दाखवायच्या. पोरगी मुकाट दाखवायची. मग एका सकाळी ती हाका मारून, हलवून उठेचना.

हॉस्पिटलात कळलं, स्वादुपिंडात गाठ आहे. मुलांमध्ये क्वचितच होते. ती नको तितकं इन्सुलिन सोडते आणि रक्तातली साखर पार खाली जाते.

"सगळं स्वादुपिंड काढलं तर हिला जन्मभर इंजेक्शनं," सर्जनबाई म्हणाल्या. "आम्ही नुसती गाठ सोलून काढायला बघू. पण ती आतल्या नळीला चिकटलेली असली, तर जास्त कापावं लागेल." मग त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही हिला वरचेवर साखर देत असणार. नाहीतर पोर इतकी तगली नसती."

मोजमापबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला हवं होतं. तिनं नुसती मान हलवली.

मग काय, वॉर्डभर तिचं कौतुक. नर्स दुसऱ्या आयांना तिचा दाखला द्यायच्या आणि ती पदराआड तोंड लपवायची. त्यांना वाटायचं, बाई रडतेय. ऑपरेशन चालू होतं तेव्हा बाहेरच्या बाकावर तिचा जीव टांगणीला लागला होता, पण देवाकडे काही मागायला तिला तोंड नव्हतं.

गाठ नळीपासून बाजूलाच निघाली. वाटाण्याएवढी. ती अलगद सुटली आणि स्वादुपिंड जागच्या जागी राहिलं.

घरी सोडताना सर्जनबाई पोरीला म्हणाल्या, "आईनं साखर दिली म्हणून वाचलीस हं."

पोरीनं आईकडे पाहिलं. दाराशी चहाचा ट्रे होता, त्यात साखरेच्या पुड्या. तिथं ती सवयीनं थांबली आणि आईसमोर दोन्ही मुठी उघडून धरल्या.

"हे काय गं?" सर्जनबाईंनी विचारलं.

"काही नाही." पोरीनं चटकन हात मागे लपवले.

आईला आता राहवेना. "मी नाही दिली साखर," ती म्हणाली. "ही चोरून खायची. मी हिला मारलं. डब्याला कुलूप लावलं."

पोरगी आईचा पदर ओढत हळूच म्हणाली, "आई, आता मला साखर लागत नाही. तरी मुठी दाखवायच्या?"