घरटी एक हात

कुणी कुणाला दानशूर म्हणालं की माझ्या डोक्यात आजही तिडीक जाते. घरातली म्हणतात, आता वय झालं, कशाला एवढं तापता? अहो, वय झालं म्हणून काय झालं? जे माझ्या डोळ्यांदेखत घडलं आणि निम्मं माझ्याच तोंडून घडलं, त्याचा राग वयाबरोबर जात नाही. तेव्हा जेवढं तापायला हवं होतं तेवढा मी तापलो नाही, ते आता तापतो.

स्वराज्य नुकतं आलं होतं. आमचं घर नगरचं, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी आणि कारकुनी करणारं. मी मास्तर झालो आणि लोकल बोर्डानं मला तिसगावच्या पलीकडं, कोरड्या मुलखातल्या एका लहानशा गावात धाडलं. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. बरं लिहितावाचता येणारा गावात मी एकटाच, त्यामुळं पत्र वाचायला मी, अर्ज लिहायला मी, बारशाला नाव सुचवायलाही मीच. या मानानं मी चांगला फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

गावाशेजारून एक ओढा जायचा. आठ महिने इतका कोरडा की पोरं त्यात विटीदांडू खेळायची. पण वर डोंगरावर पाऊस झाला की गावात थेंब नसतानाही बघता बघता दोन्ही काठ भरायचे आणि पाणी दोन-दोन दिवस उतरायचं नाही. ओढ्यापलीकडं मजुरांची आणि वाटेकऱ्यांची वस्ती होती. सुईण मात्र अलीकडं, गावात राहायची. आदल्या पावसाळ्यात वस्तीवरच्या एका विधवा बाईची लेक माहेरी बाळंतपणाला आली होती. वेळ भरली तेव्हा ओढ्याला पाणी आलं. सुईण या काठावर बसून राहिली आणि तिकडं ती पोरगी गेली.

त्यानंतरच्या माघात मुंबईहून एका शेठचं पत्र आलं. शेठ मूळचा आमच्याच गावचा. दहा वर्षांचा असताना बापाबरोबर गाव सोडून गेला आणि कापडाच्या धंद्यात वर आला. आता खादी वापरायचा, सभांना जायचा. मी ते पत्र देवळात मोठ्यानं वाचून दाखवलं. गावासाठी मोठी देणगी देतो, पण काय बांधायचं ते मी सांगणार नाही, गावानं ठरवावं. घरटी एक हात वर व्हावा, वरचा-खालचा भेद नको. गावानं आपला कारभार आपण करायला शिकावं म्हणून हे दान आहे, असं त्यात लिहिलं होतं. ते वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं. वाटलं, दान करावं तर असं!

फाल्गुनात दवंडी पिटून सभा बोलावली. वस्तीवरची माणसंही आली आणि देवळासमोरच्या पटांगणात बसली, हेच मुळी नवल होतं. त्यांच्यात ती विधवा बाई होती. तिचा मुलगा मुंबईला गोदीत कामाला आणि घरात पुरुष माणूस नाही, मग घरचा हात कुणाचा? पाटील म्हणाले, "बाईला कशाला? दीर करील की वर." बाई उठून उभीच राहिली. "दीर येगळा ऱ्हातोय, पाटील. त्यानी त्याच्या घरचा हात करावा, मी माझ्या घरचा करीन. कागुदात तसंच लिव्हलंय ना, गुर्जी?" मी म्हणालो, "तसंच लिहिलंय." तेवढं एक काम मी बरं केलं.

पाटलांना मारुतीला सभामंडप हवा होता, तरण्या पोरांना तालीम. बाईनं पूल मागितला. फार बोलली नाही. म्हणाली, "लेक गेली ती गेली. आता सुनंला दिवस गेल्यात, सरावनात मोकळी हुईल. मला निस्ता पूल द्या, बाकी तुमचं गाव हाय, काय बी बांधा." मी एकेका कामाला हात वर करायला सांगितले. मी हात मोजले, पुन्हा एकदा मोजले. पलीकडं ज्यांची शेतं होती त्या गाववाल्यांनीही पुलाला हात वर केले आणि पावसाळ्याआधी पूल करायचं ठरलं. मी ठराव लिहिला, अंगठे घेतले. बाईनं अंगठा उठवला आणि बोटाची शाई पदराला न पुसता तशीच घेऊन घरी गेली.

आता त्या गावचा एक रिवाज सांगितला पाहिजे, कारण सगळा घात त्यानंच केला. कुठलंही मोठं काम सुरू करताना, मग ते लग्न असो की विहीर, मानकऱ्याच्या हातात नारळ द्यायचा आणि विचारायचं, "आपली काय इच्छा?" त्यानं नारळ कपाळाला लावायचा, "गावाची ती माझी" म्हणायचं आणि परत द्यायचा. संपलं. तो प्रश्न खरा नसतोच मुळी, नुसता मान असतो. उत्तर लहान पोरालाही पाठ. मात्र नारळ हातात घेऊन मानकरी जे बोलेल ते गावाला बांधील, हीही त्यातलीच एक गोष्ट. कुणी कधी वेगळं बोललंच नव्हतं, म्हणून त्याची कुणाला भीती नव्हती.

पाडव्याला कामाचा मानकरी म्हणून शेठ मोटारीनं आला. ओढ्याच्या काठी पुलाच्या पायाच्या खड्ड्याची जागा आखून, चुना टाकून ठेवलेली. हलगी वाजत होती. नारळ द्यायचं आणि प्रश्न विचारायचं काम पाटलांनी माझ्याकडं दिलं, कारण मला बोलता चांगलं येतं ना! आणि मी गाढव, साधं विचारायचं सोडून भाषण केलं. "हे गाव आपलं आहे, आपल्या शब्दाबाहेर आम्ही नाही, तर आपली काय इच्छा?" एवढं सगळं बोललो. माझंच मला फार आवडलं.

शेठ दहाव्या वर्षी गेलेला, त्याला रिवाज काय माहीत? काय ठरलं तेही आल्यावर सांगू म्हणून पत्रानं कळवलं नव्हतं. आणि आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही की त्याला आधी कानात सांगावं. सगळ्या गावाला जे पाठ, ते त्यालाही पाठ असणारच, असं आम्ही धरून चाललो. त्यानं नारळ घेतला, डोळे मिटले. उघडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "माझे वडील या गावच्या वेशीतून अनवाणी बाहेर पडले. तुम्ही एवढ्या प्रेमानं विचारताय म्हणून सांगतो, त्या वेशीवर त्यांच्या नावाची दगडी कमान व्हावी."

हलगी थांबली. मी पाटलांकडं बघितलं. पाटील क्षणभर गडबडले आणि मग हात वर करून ओरडले, "शेठचा शब्द पडला!" सभामंडप नाही तर नाही, पण पूल तरी होत नाही, एवढंच त्यांना पुरलं असणार. हलगी पुन्हा सुरू झाली. बाया बसल्या होत्या तिकडून ती बाई पुढं आली. "आवो, पर पूल ठरलाय न्हवं? हात मोजल्यात की!" पाटील तिच्यावर खेकसले, "मानाच्या कामात बायामाणसानं मधी बोलू नये." हलगीच्या आवाजात शेठला हे ऐकूच गेलं नाही. मला गेलं. अंगठ्यांचा तो ठराव माझ्या कोटाच्या खिशात होता. काढून वाचायला किती वेळ लागला असता? मी मूग गिळून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ निघायच्या आत पाटलांच्या ओसरीवर गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. रिवाज सांगितला, ठराव पुढं धरला. त्यानं तो नीट वाचला. लबाड असता तर मला इतका राग आला नसता हो! माणूस मनापासून बोलत होता.

"गुरुजी, मी काही लादलं का? गावानंच विचारलं. तुम्हीच विचारलंत."

"तो मान होता, शेठ. ठरलं होतं आधीच."

"मग सगळ्यांसमोर बोललो तेव्हा कुणी 'नाही' का म्हणालं नाही? लोकशाहीत ज्याला पटत नाही त्यानं उभं राहून बोलावं लागतं. तेच तर शिकायचंय आपल्याला."

"एक बाई बोलली."

"मला नाही ऐकू आलं," शेठ म्हणाला, आणि ते खरंच होतं. "पुढच्या साली पुलाचंही बघू. या वर्षी वडिलांचं होऊ द्या."

तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणे लोकशाही! दुसऱ्यांनी कारभार शिकावा म्हणून पत्र लिहायचं आणि स्वतःच्या हातात नारळ पडला की एवढंही विचारायचं नाही, बाबांनो, तुमचं काय ठरलं होतं? जमिनीवर चुन्यानं आखलेली जागा डोळ्यांसमोर होती, ती कशाची, असा प्रश्न एकदाही पडू नये? हे सगळं मी घरी आल्यावर भिंतीला बोललो. त्याच्यापुढं "बरं" म्हणालो आणि नमस्कार करून उतरलो.

ज्येष्ठात पाटलांनी निरोप धाडला, कमानीवर कोरायला मजकूर द्या. गावाच्या मतानं झाली असं त्यात यावं, शेठची तशी इच्छा आहे. दिला. मास्तरची नोकरी, पाटलांच्या घरचं दूध, सगळी कारणं होती माझ्याकडं. त्यातल्या एकाही कारणानं मला आज माझी दया येत नाही.

श्रावणात एका दुपारी वस्तीवरून हाका आल्या. मी शाळा सोडली आणि सुईणीला घेऊन ओढ्यावर गेलो, तर पाणी काठाला लागलेलं. सुईण लुगडं खोचून गुडघ्यापर्यंत उतरली, पाय सुटायला लागले तशी मागं फिरली आणि आई-बहिणीवरून शिव्या घालत खाली बसली. कुणाला घालत होती ते मी विचारलं नाही. पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. सून वाचली. मूल गेलं होतं. मुलगा होता.

मी बाईला भेटायला गेलो नाही. जाऊन काय बोलणार होतो?

दिवाळी झाल्यावर कमान पुरी होत आली. बाजाराला निघालेली बाई एका सकाळी मला तिथंच गाठ पडली. पाथरवट बांबूच्या परांचीवर बसून शेवटची अक्षरं साफ करत होता. तिनं मान वर करून बघितलं.

"काय लिव्हलंय, गुर्जी?"

मी वाचून दाखवलं. शेठच्या वडिलांचं नाव, आणि खाली 'सर्व ग्रामस्थांच्या एकमुखी इच्छेने उभारली.'

"म्हंजी?"

"म्हणजे गावातल्या सगळ्या घरांनी मिळून ठरवलं, असं."

"सगळ्या? त्यात आमी बी आलो का?"

"आलात," मी म्हणालो. 'सर्व' हा शब्द मीच घातला होता, वाक्याला वजन येतं म्हणून.

तिनं पुन्हा एकदा त्या अक्षरांकडं बघितलं. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मंग आमाला तेवढं त्यातनं काढा."

मी तिला सांगितलं, दगडात एकदा कोरलं की काढता येत नाही. वर पाथरवट छिन्नी-हातोडा घेऊन बसला होता. त्यानं खाली माझ्याकडं बघितलं, मी काय सांगतो त्याची वाट बघत थोडा थांबला. मी काहीच सांगितलं नाही, तसा तो पुन्हा कामाला लागला.