मुशीचं वजन

संशोधनासाठी म्हैसूरला आले तेव्हा वाटलं होतं, आता मराठी फक्त फोनवर. पण माझ्या मार्गदर्शक बाई निघाल्या तिथल्याच, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या जुन्या रंगारी घरातल्या. त्यांची मराठी अर्धी कानडी, आणि माझी त्यांना पेपरातली वाटायची.

बाईंचं आयुष्य घन पदार्थांत गेलं. दोन ऑक्साइडं काट्यावर तोलायची, खलात घोटायची, मुशीत घालून भट्टीत भाजायची, निवली की पुन्हा घोटायची. मग क्ष-किरण टाकले की आत अणू कसे रचले गेलेत ते कळतं. मी जात्याच उतावीळ. "एवढी तर चटणीही कुणी वाटत नाही," म्हणून धुसफुसायचे. त्या हसून बत्ता घ्यायच्या आणि स्वतः घोटत बसायच्या.

तरुणपणी त्यांनी बेरियमचं एक नवं संयुग शोधलं होतं. किती प्रमाणात, किती तापमानाला कोणता पदार्थ टिकतो, त्याचा नकाशा प्रयोगशाळेच्या भिंतीवर होता. त्यातली एक उभी रेघ म्हणजे ते संयुग, बाईंचं नाव झालं ते त्या रेघेमुळे. निवृत्तीचं व्याख्यान त्यावरच होणार होतं. लोकांना दाखवायला ते नव्याने करून दे, असं त्यांनी मला सांगितलं.

ते होईना. प्लॅटिनमच्या मुशीत कितीही भाजलं तरी दोन जुनेच पदार्थ शेजारी शेजारी. बाई वापरायच्या त्या पांढऱ्या ॲल्युमिनाच्या मुशीत मात्र झटकन व्हायचं. म्हणजे मूस कणाकणाने झिजून तिच्यातलंच ॲल्युमिनियम त्यात उतरत होतं! संयुग खरं होतं, पण दोन ऑक्साइडांच्या नकाशात त्याला जागा नव्हती. माझी पाचावर धारण बसली.

सरस्वतीपुरमला त्यांच्या घरी गेले आणि उगाच इकडचं तिकडचं बोलत बसले.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस कणे? सांग बघू," त्या म्हणाल्या. त्यांचं 'कणे' म्हणजे आपलं 'ग'.

सांगितलं. "आयतु, बरं, चल," म्हणत त्यांनी चपला घातल्या. प्रयोगशाळेत दोन्ही मुशी त्यांनी स्वतः भरल्या, भट्टी पुरती निवेपर्यंत दाराला हात लावू दिला नाही. क्ष-किरणांचे दोन्ही आलेख शेजारी ठेवून त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"व्याख्यान होऊ द्या बाई, मग सांगू," मी म्हणाले.

"सुम्ने, गप बस. पोरं चुकीचं शिकून घरी जातील की!"

व्याख्यानाला हूटगळ्ळीच्या कारखान्यांतले त्यांचे जुने विद्यार्थीही आले होते. बाईंनी फळ्यावर नकाशा काढला, आपली रेघ ओढली आणि सगळ्यांदेखत डस्टरने पुसली. का, ते शांतपणे इंग्रजीत समजावलं. ही चूक हिने पकडली, असं माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. असं काळीज मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही. मला मान वर करवेना.

टाळ्या थांबल्यावर त्या शेजारी येऊन बसल्या. हात खडूने पांढरे झालेले.

"जन्मभर सगळं तोललं ग," त्या हळूच म्हणाल्या, "मूस तेवढी तोलायची राहिली."