दोन विती

शेजारची जुनी स्कूटर सुरू झाली की पेट्रोलच्या वासानं मला आनेकलचं तळं आठवतं. यांनी हौसेनं होडी बांधली होती. वल्हवताना यांना दम लागायचा, म्हणून मोटर आणायला मला शहरात शिवाजीनगरला धाडलं. "मागची फळी दोन विती उंच आहे. दांडा तेवढाच लांब बघ."

मी शहाणी. दुकानात माझ्याच इवल्या हातानं मोजलं. मग काय, दांडा आखूड पडला; तळ्यात पंखा वरवर फेस काढत राहिला आणि होडी जागची हलेना.

"ही वीत की मांजराचा पंजा?" हे हसले. "अगं, स्वल्प, जरासं इकडं बघ की."

मी महाराणी, पाठ फिरवून बसले.

लांब दांड्याची मोटर येण्याआधीच हे गेले. होडीतली आमची ती एकच संध्याकाळ. ते हसत होते, आणि मी नुसतं पाणी बघत होते.