तुळई बघायला दोघं लागतात

हसनभाई गेल्याचं मला त्यांच्या मुलाच्या फोनवरून कळलं, तेही दफन होऊन चार दिवस झाल्यावर. तो दुबईहून आला होता. वडिलांच्या वहीत माझा नंबर सापडला म्हणाला. "देशमुखकाका, घरात एक लांब लाकूड हाय. त्याचं काय करायचं, तुमालाच माहीत असेल." मी नुसतं "येतो" म्हणालो. सहा महिने मी हेच म्हणत होतो.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग विभागात, आम्ही वीस वर्षं शेजारी बसलो. मूळचे ते रायगडच्या किनाऱ्यावरचे, आजोबांची गलबतं होती. यांच्या वाट्याला कोपरखैरण्याचं तळमजल्यावरचं घर आलं. बायको गेली, मुलगा परदेशी, आणि निवृत्तीनंतर रद्दीच्या दुकानात मिळालेल्या एका इंग्रजी मासिकाने या माणसाला वेड लावलं. घरच्या घरी लाकडी कयाक बांधायची, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी. त्यासाठी आधी हवी लांब, सरळ तुळई. तिच्यावर साचे उभे करायचे, साच्यांवर पट्ट्या बसवायच्या. होडी उतरली की तुळईचं काम संपलं. पण ती वाकडी, तर होडी वाकडी.

मी राहतो त्या नेरूळला रेल्वे नुकतीच आली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. दर रविवारी आम्ही वखारी पालथ्या घालायचो. दोरीचं एक टोक मी धरायचं, दुसरं ताणून ते एक डोळा मिटून बघायचे. हिला गाठ, तिला पीळ, ही अजून ओली... सून बघायला निघालेल्या खाष्ट सासूसारखे नकार. एका रविवारी ऊन डोक्यावर, माझी कंबर धरलेली, मी फाडकन बोलून गेलो, "हसनभाई, तुम्हाला होडी बांधायचीच नाही. उगाच लाकडं बघत फिरायचंय." ते दोरी गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "घरी जाऊन तरी काय करू?" मला ते ऐकू आलं होतं. मी रिक्षाला हात केला.

त्यानंतर मी गेलो नाही. नातीची परीक्षा, पाहुणे, कंबर... सबबींना काय तोटा. एकदा त्यांचाच फोन आला, तुळई घेतली एकदाची, बघायला या म्हणून. मी "येतो" म्हणालो.

मुलाच्या फोननंतर गेलो, तेव्हा ती तुळई स्वयंपाकघरापासून पुढच्या खिडकीपर्यंत दोन लाकडी घोड्यांवर आडवी होती. पलंग उभा करून भिंतीला लावलेला. म्हणजे ते खालीच झोपत असणार. साचे कापून कोपऱ्यात रचलेले, एकही बसवलेला नाही. सगळं तयार असून अब्बा थांबले कशाला, मुलाला कळेना. मी वाकून बघितलं. तुळईच्या मध्यावर, ड्रॉइंगवर लिहीत तशा ठसठशीत अक्षरांत, पेन्सिलीने लिहिलं होतं : 'इथे बोटभर बाक. एकट्याने बघितली म्हणून. देशमुख आले की दोघांनी दोरी धरून साचे लावणे.'

नेरूळहून तिथे पोचायला मला अर्धा तासही लागला नव्हता.