टाकीचं पाणी आणि बर्फातले आकडे

माझे चाचा सौदीतल्या रास अल खैरच्या एका कामगार कॅम्पात पाइप फिटर आहेत. तिथल्या आंघोळीच्या टाकीचं पाणी पहिल्यांदा बाटलीत भरलं तेव्हा मला ओकारीच आली. रंगकामाच्या शेडमधलं सांडपाणी झिरपून टाकीत उतरत होतं. फिनाइलमध्ये सडकी कोळंबी उकळावी तसा वास. बोटांना लागलेला बुळबुळीत थर साबणानंही जाईना. चाचांची पाठ पुरळानं भरली होती.

"या पाण्यानं आंघोळ करू नका," मी म्हटलं.

"मग कशानं करू, मक्केच्या झमझमनं?" चाचा म्हणाले. "कॉलेजात गेलास ना? मग काहीतरी कर की."

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. बाटल्या घेऊन मी विद्यापीठात परतलो.

पाण्यात फिनॉल हे विषारी रसायन निघालं. ते रासायनिक क्रियेनं नष्ट करणारी एक पावडर कॅम्पच्या ठेकेदाराला टाकीत घालायची होती, आणि ती तपासायचं काम आमच्याकडे आलं. आमच्या प्रयोगशाळेनं पावडर चालते म्हटलं, तर टाकी चालू राहणार. नाही म्हटलं, तर बंद करून टँकर आणावे लागणार.

गुरुवारी बाटल्यांत पावडर घातली. निम्म्या लगेच तपासल्या. फिनॉल जवळजवळ तेवढाच होता. उरलेल्या, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत जशाच्या तशा राहाव्यात म्हणून, सगळे करतात तशा फ्रीझरमध्ये ठेवल्या. रविवारी वितळवून पाहिल्या तर फिनॉल जवळपास गायब. मी आनंदानं चाचांना फोन लावणार होतो. पण मनात शंका आली. पावडर घातलेली, पण चुकून टेबलावरच राहिलेली एक बाटली तपासली. तिच्यात फिनॉल तसाच होता, वासही तसाच.

दोन दिवस वाचल्यावर कळलं. पाणी गोठताना आधी शुद्ध पाण्याचा बर्फ होतो आणि घाण बाहेर ढकलली जाते. बर्फाच्या कणांमधल्या बारीक फटींत थोडं पाणी उरतं. फिनॉल आणि पावडर तिथे दाटीनं एकत्र येतात. बाहेर जी क्रिया रखडते, ती तिथे झपाट्यानं होते. म्हणजे पाणी साफ केलं होतं ते आमच्या फ्रीझरनं.

ठेकेदाराचा साहेब आला. अत्तराचा घमघमाट, हातात खजुराचा डबा. दोन्ही आकडे पाहून तो हसला. "भाई, बर्फवाला लिख दो. रिझल्ट तो आपका ही है ना?"

टाकीजवळ आली नव्हती तितकी किळस मला तेव्हा आली. मी विचारलं, "सर, टाकी उन्हात आहे. तिचा बर्फ कसा करणार?"

"बहुत बोलता है," तो माझ्या मार्गदर्शक बाईंना म्हणाला.

बाई माझ्याकडे वळल्या. "कुठला आकडा पाठवायचा?"

"न गोठवलेला," मी म्हटलं. त्यांनी तोच पाठवला. साहेब डबा घेऊनच गेला.

पुढच्या आठवड्यात चाचांचा फोन आला. "टाकी खलास. कुलूप घातलंय. टँकर संध्याकाळी एकदाच येतो, माणशी दोन बादल्या. पोरं तुला शिव्या घालतात."

"आणि तुम्ही?"

"मीपण. चौथ्या मजल्यावर बादल्या चढवून बघ एकदा!"

"पाठ कशी आहे?"

"दुखते," चाचा म्हणाले. "पण खाजत नाही."