रीस्टार्ट करण्यापूर्वी फोन करा

आम्ही काही जण नोकऱ्या सांभाळून मराठी शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर बनवतो. फुकट, कुणीही वापरावं, बदलावं असं. सगळ्यांचं काम एकाच सर्व्हरवर चालतं. तो कसा वापरायचा याचे नियम ज्या सरांनी हे सगळं उभं केलं, त्यांनीच लिहिलेले. चौथा नियम होता, ‘सर्व्हर रीस्टार्ट करण्यापूर्वी मला फोन करा.’ खाली त्यांचा नंबर. सर जाऊन दोन वर्षं झाली तरी तो तसाच होता. आम्ही जुनी मंडळी नियम वाचत नाही, ते नव्यांसाठी असतात.

ते सुधारण्याचं काम शेवटी माझ्या गळ्यात पडलं. खराडीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, चौथा नियम खोडण्याआधी मी सहज तो नंबर लावला. बंद असणार याची खात्री होती. पण रिंग वाजली.

“बोला. रीस्टार्ट करायचाय? कुणाचं काम चालू नाही ना, बघितलंत?”

प्रश्न सरांचा, सूरही तोच संथ. आवाज त्यांच्या पत्नीचा. धायरीच्या घरी तेराव्याला भेटलो होतो, ते आठवून मी ओळख सांगितली.

“नवी मुलं नियम वाचून फोन करतात हो,” त्या म्हणाल्या. “पहिल्या मुलीला खरं सांगणारच होते. ती म्हणाली, सरांना विचारता का? मी आतल्या खोलीत जाऊन आले आणि म्हटलं, करा म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक वेळी आत जाऊन येते.”

नियम बदलतोय, हे सांगायचं मला धैर्य झालं नाही. भ्याडपणाच तो. त्याच दुपारी मी लिहिलं, ‘ग्रुपवर कळवा, पंधरा मिनिटं थांबा.’ सगळ्यांनी अंगठे टाकले. इतकं बिनविरोध आमच्याकडे काहीच मंजूर होत नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी माझ्या मोबाइलवर ‘सर’ अशी अक्षरं उमटली. मी हातातला चहा खाली ठेवला.

“सर्व्हर बरा आहे ना? कुणाचाच फोन नाही.”

“बरा आहे. नियम बदललाय. मीच बदलला.”

“बरं केलंत. कधीतरी बदलायलाच हवा होता.” मग तितक्याच शांतपणे त्या म्हणाल्या, “ह्यांना आता काय सांगू, तेवढं सांगा.”

मी मोबाइल कानालाच धरून राहिलो. त्यांनीही फोन ठेवला नाही.