अक्काच्या कानांसाठी

दुकानाच्या गल्लीत त्याला सगळे खुडबुड्याच म्हणायचे. चाळीस वर्षं त्याने अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले, गाणाऱ्यांसाठी आवाज घुमवणाऱ्या पेट्या बनवल्या. मग उजवा हात थरथरू लागला. आधी कपातला चहा हिंदकळायचा, पुढे सोल्डरिंग करताना तार जागेवर ठरेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि त्याने शटर खाली ओढलं ते कायमचं.

घरी तो आणि अक्का, दोघंच. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि अक्का चौदाची. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली. आता तिला ऐकू येणं कमी होत चाललं होतं. कानातल्या यंत्राने सगळंच मोठं व्हायचं. भांडं आपटलं की ती दचकायची, पण समोरचा काय म्हणतो ते कळायचं नाही. जेवताना ती बोलेनाशी झाली. एरवी गप्प बसेल तर ती अक्का कसली!

तिच्या मुलीने मामाला एक टॅब्लेट आणून दिला. त्यावर आवाजाचे प्रयोग करायची साधनं मिळतात हे कळल्यावर खुडबुड्याने मनाशी ठरवलं, अक्कापुरती एक पेटी बनवायचीच.

पहिल्या अ‍ॅपमध्ये बटणं झकास रंगवलेली, पण आतलं काही उघडता येईना. जी पेटी उघडत नाही ती त्याच्या काय कामाची? दुसऱ्यात सगळं लिहून सांगावं लागे. थरथरतं बोट भलत्याच अक्षरावर पडायचं आणि एका चुकीपायी सगळं अडायचं. तिसऱ्यात मोठमोठे चौकोन होते. बोटाने रेघ ओढली की एकाचा आवाज दुसऱ्यात जायचा, आणि आवाज चालू असतानाच फेरफार करता यायचे. तेच त्याने धरलं. फक्त टॅब्लेटच्या माइकने पकडलेला शब्द अक्काच्या इअरफोनमध्ये उशिरा पोचायचा. ओठ आधी हलतात, बोलणं मागून येतं, असं अक्का कुरकुरली. त्याने बिनतारी इअरफोन बाजूला ठेवून वायरचे आणले, सेटिंग चाचपत राहिला. घरघर कापली, भांड्यांचा खणखणाट दाबला. स, च, त ही निसटती अक्षरं वर उचलली.

दोन महिन्यांनी एका दुपारी त्याने सहज विचारलं, "भाजीत मीठ जास्त झालंय का?"

"कालच्यापेक्षा बरंय," अक्का म्हणाली, आणि दोघंही जेवायचं विसरून एकमेकांकडे पाहत राहिले.

पुढचा महिनाभर अक्काचं तोंड मिटलं नाही. आईचा आवाज कसा होता हे त्याने पहिल्यांदाच विचारलं. जाडसर होता, अक्का म्हणाली, आणि तुला हाक मारताना हसू यायचं तिला.

मग ती अधूनमधून नुसतीच मान हलवू लागली. त्याला वाटलं, पेटीतच काही बिघडलंय. तो रोज चौकोन सरकवायचा, रोज विचारायचा, बरं ऐकू येतंय का, आणि ती हो म्हणायची. एका सकाळी तो तिला वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. ती कौतुकाने ऐकत होती. वाचता वाचता त्याचं लक्ष टेबलाकडे गेलं. इअरफोनची वायर टॅब्लेटला जोडलेलीच नव्हती.

त्याने कागद खाली ठेवला. "कधीपासून?"

तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग वायरकडे. "तीन आठवडे झाले असतील. तू इतका खपत होतास रे. जीव धजेना सांगायला."

त्याला राग आला नाही. तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले आणि आता आवाज कितीही बदलला तरी तो आत पोचणार नाही, असं सांगितलं.

परत आल्यावर त्याने दोन्ही खुर्च्या खिडकीशी समोरासमोर ओढल्या, म्हणजे उजेड त्याच्या तोंडावर पडेल. तो सावकाश बोलू लागला आणि अक्का ओठ वाचू लागली. हात थरथरवणारा त्याचा आजार पुढे चेहरा आणि ओठही ताठर करतो, हे त्याला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. अक्काला त्याने ते सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तिला ते दोनदा वाचावं लागलं. मग तिने खुर्ची आणखी पुढे घेतली आणि म्हणाली, "बोल."